न्हावऱ्यालाही तपासणी यावी

प्रति,
मा. पथकप्रमुख,
विशेष लेखापरीक्षण पथक (तातडीची लष्करी खरेदी),
मुक्काम : शासकीय विश्रामगृह, दौंड.

अर्जदार : हौशीराम साहेबराव कांडगे, वाळवलेल्या कांद्याचे उत्पादक, मु. पो. न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे.

विषय : अर्जदाराच्या कांदा वाळवण्याच्या कारखान्याचीही पथकामार्फत तपासणी होणेबाबत.
संदर्भ : वरवंड, ता. दौंड येथील पुरवठादार श्री. पोपटराव रणदिवे यांची चालू असलेली चौकशी.

महोदय,

१. पथक या भागात आले त्या सकाळी अर्जदाराने नेहमीप्रमाणे दोन्ही म्हशींची धार काढली, मोटारसायकलला किटली अडकवून दूध डेअरीवर घातले, फॅटची पावती खिशात ठेवली आणि फाट्यावर येऊन चहा सांगितला. चहा हातात आला तोच शिरूरच्या बाजूने 'भारत सरकार' असे लिहिलेल्या दोन पांढऱ्या गाड्या आल्या आणि पहिली अर्जदारासमोरच थांबली. अर्जदार उठून उभा राहिला व टोपी नीट केली. आतील साहेबांनी काच खाली करून वरवंडचा रस्ता विचारला. अर्जदाराने चौफुल्याचा रस्ता हाताने दाखवला. गाड्या गेल्या. चहावर साय धरली होती, ती अर्जदाराने काढली नाही.

२. गेल्या वर्षी सीमेवरील संघर्षाच्या काळात सैन्याच्या स्वयंपाकासाठी वाळवलेला कांदा तातडीने खरेदी करण्यात आला. त्या वेळी सैन्याच्या एकाच भांडारास अर्जदाराने व श्री. पोपटराव यांनी माल पुरवला. श्री. पोपटराव हे अर्जदाराचे साडू आहेत. त्यांनी युद्धाचा फायदा घेऊन जादा दर लावला, असा आरोप होऊन पथक रोज त्यांच्या कारखान्यावर जाऊ लागले. अर्जदाराच्या फाटकाशी कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

३. असा आरोप झाला की माणसाची मान खाली जाते, अशी अर्जदाराची समजूत होती. ती खोटी ठरली. श्री. पोपटराव यांचे वजन वाढले. लग्नकार्यात त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवतात आणि साहेब लोकांना जेवायला काय लागते, हे लोक त्यांना विचारतात. आमच्या गावचे बबनराव भर फाट्यावर म्हणाले, "हौशीराम, तुझ्याकडं कशाला येत्याल ते? सरकारला लुटायचं म्हंजी बी ऐपत लागती." त्यावर जे हसले त्यांत अर्जदाराचा स्वतःचा पुतण्याही होता.

४. सध्या अधिक महिना असल्याने दोघे साडू कवठे येमाई येथे सासुरवाडीस धोंड्याच्या जेवणास गेले होते. अर्जदार थोरला जावई असून पहिल्या ताटाचा मान त्याचा आहे. परंतु सासूबाई झुंबरबाई यांनी सर्वांसमक्ष सांगितले, "हौशीराम घरचंच हायेत, त्यांना मागनं वाढलं तरी चालंल. पोपटरावांच्या मागं दिल्ली लागलीया, त्यांना दोन धोंडं आगाव घाला." श्री. पोपटराव यांनी ते दोन्ही पुरणाचे धोंडे तुपासह खाल्ले. अर्जदाराने आपला धोंडा ताटातच ठेवला. सबब अर्जदाराचीही तितकेच दिवस, तितक्याच गाड्यांनिशी तपासणी व्हावी, ही विनंती.

५. एवढा मजकूर लिहून अर्जदार दौंडला पथकाच्या मुक्कामी हजर झाला. पथकातील सायली मॅडम यांनी तो वाचला व म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे येऊन काय करू? तुमचा दर सगळ्यात कमी. तोच योग्य दर धरून तर त्यांची जादा आकारणी काढली आहे. ते आता काळ्या यादीत जातील." अर्जदाराने अर्ज परत घेतला. साडूच्या मानेवरची सुरी आपल्याच दराची आहे हे कळल्यावर अर्जदारास जो आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. त्याने स्थानकाबाहेर जिलेबी घेतली.

६. घरी पत्नी अनिता हिने जिलेबी कशाची म्हणून विचारले. सांगितल्यावर तिने पुडा उघडला नाही. ती म्हणाली, "अवो, दर काढला तवा कांदा कापनाऱ्या बायांची मजुरी कुठं धरली व्हती?" मजुरी धरली नव्हती, कारण ती दिलीच नव्हती. आळीतील बाया सावडीने आल्या होत्या. आज त्यांनी आमच्या शेडमध्ये कांदा कापायचा, उद्या आम्ही त्यांच्या रानात राबायचे. सावडीला आमच्याकडे कोणी किंमत लावत नाही, म्हणून अर्जदाराने दरातही ती लावली नाही. श्री. पोपटराव मात्र त्यांच्याकडील बायांना दर शनिवारी रोख मजुरी देतात. अनिता पुढे म्हणाली, "मी अजून सावड फेडतीया. सरकारला तुमचा दर दिसला, माझी कंबर न्हाई दिसली."

७. यानंतर अर्जदाराने अर्ज काही दिवस कपाटात ठेवला. गप्प राहिल्यास साडू काळ्या यादीत जातो, पुढील मागणी एकट्या अर्जदाराकडे येते आणि कवठ्याला पहिले ताट परत मिळते, हे त्याला स्पष्ट दिसत होते. पण ते ताट अनिताने परक्यांच्या रानात वाकून मिळवलेले असेल आणि साडूच्या पदरी न केलेला गुन्हा पडलेला असेल, हेही दिसू लागले. वरील मजकूर खरा असल्याने फाडलेला नाही. विषयही तोच आहे, कारण मात्र बदलले आहे.

८. तरी अर्जदाराचा दर प्रमाण धरू नये. पथकाने न्हावऱ्यास यावे, सावडीच्या बायांना विचारावे, त्यांच्या कामाची चालू मजुरी दरात मिळवावी आणि मगच दोघांची तुलना करावी. श्री. पोपटराव यांनी वाहतुकीत किंवा पोत्यांत जादा घेतले असल्यास ते त्यांचे त्यांनी भरावे. अर्जदाराची त्यास मुळीच हरकत नाही. मात्र हा अर्ज कोणी केला हे त्यांना कळवू नये. ते आभार मानायला येतील, आणि नव्या गाडीतून येतील.

९. हा अर्ज अर्जदार सकाळीच देणार होता. परंतु आज शेजारच्या ईश्वर आप्पांच्या उसात खुरपणीची सावड होती. अनिताला घरी ठेवून तिच्या जागी अर्जदार गेला. बाया हसल्या, हसून झाल्यावर त्यांनी कडेची पात, म्हणजे खुरपायची ओळ, मोकळी करून दिली. ती पूर्ण करून दुपारच्या एसटीने अर्जदार येथे आला असून अर्ज पथकाच्या आवक टेबलावर देत आहे.

आपल्या गाड्यांची वाट पाहणारा,
हौशीराम साहेबराव कांडगे
रा. न्हावरे, दि. १२ जून २०२६

सोबत : सावडीस आलेल्या बायांची नावे. यांपैकी कोणाची किती सावड फिटायची आहे, ते अनिता तोंडी सांगेल.