संगणक मंडळाचा नववा नियम

सडक अर्जुनी,
२८ जून

प्रिय नीतू,

बाबांचे पत्र पाहून घाबरू नकोस, रक्तदाब ठीक आहे. तो तू दर रविवारी फोनवर आईला विचारतेस आणि मी शेजारी बसलेला असताना आई तुला सांगते, हा आपल्या घरचा सात वर्षांपासूनचा टपालमार्ग. आज तो सोडून थेट लिहितो आहे, कारण मला तुझा संशय आला आहे.

आधी बातमी. महाविद्यालयाच्या संगणक मंडळाचा प्रभारी मी झालो आहे. हसून घे. संगणकाचे सर सत्राच्या तोंडावर नोकरी सोडून गेले. प्राचार्यांनी सभेत सगळ्यांकडे पाहिले, सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिले, मी तेवढा चहा पीत राहिलो. व्याकरणात सूत्रे असतात, संगणकातही सूत्रेच असतात, असे प्राचार्यांचे म्हणणे पडले. तीस वर्षे संस्कृत शिकवल्याचे हे फळ.

वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी पंधरा दिवसांत द्यायची होती. ती मी मुलांवर ढकलली. मंडळाची अध्यक्ष केशोरीची रुचिका नावाची मुलगी आहे. ती तिसऱ्याच दिवशी चार पानी आराखडा घेऊन हजर. तीन दिवसांत! आमच्या मुलांना एक शब्द चालवायला सांगितला तर दिवाळी उजाडते. कुठून तरी उतरवले असणार, हे मी तिथेच ताडले आणि लाल पेन घेऊन बसलो.

पण वाचता वाचता माझे अनुमान लंगडू लागले. दहा जुलै ते पंधरा ऑगस्ट एकही कार्यक्रम नाही, आणि समोर कारण लिहिले आहे, रोवणे. आता इंटरनेटला आपले धानाचे रोवणे कुठून ठाऊक? मलाच कुठे होते? ऐन रोवण्यात संस्कृत सप्ताह घेऊन मी वर्षानुवर्षे रिकाम्या बाकांना सुभाषिते ऐकवली आणि मुले बहिष्कार टाकतात असा संशय घेत बसलो. ती बिचारी पोरे गुडघाभर चिखलात असायची. पुढे, प्रत्येक सभा साडेतीनला संपणार, कारण केशोरीची शेवटची बस. आणि पहिल्या सभेत संगणकाला कोणी हातच लावायचा नाही. एकाने डोळ्यांना रुमाल बांधून दारापासून फळ्यापर्यंत चालायचे, दुसऱ्याने नुसत्या सूचना द्यायच्या. सूचना चुकली की पहिला बाकावर आदळणार, आणि संगणक म्हणजे काय ते सगळ्यांना कळणार.

इथे मी पेन खाली ठेवले. दुसरीत असताना तू मला असाच रुमाल बांधून अंगणभर चालवायचीस. मी तुळशीवृंदावनावर आदळलो की म्हणायचीस, सूचना बरोबर होती, बाबाच चुकले.

तरी हा योगायोग असू शकतो, असे मी स्वतःला समजावले. मग आला नववा नियम. "प्रयोगशाळेत कोणी बसले असेल तोवर दार सताड उघडे राहील आणि आत कोण आहे त्यांची नावे बाहेर लावलेली असतील." असला नियम अठरा वर्षांच्या मुलीला सुचत नाही, नीतू. ज्याच्यावर कधी काळी कोणी दार लावल्याचा आळ घेतला असेल, त्यालाच तो सुचतो.

मी रुचिकाला बोलावून उलटतपासणी घेतली. ती आधी छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, नीतूताईनंच करून देल्लं. नाव नको टाकू म्हणे. सरले मालूम झालं तं कुलूप लावतीन म्हणे." तुझा नंबर तिला दुर्गेशने दिला. तो सौंदडला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, आमचे संगणकही तोच दुरुस्त करून देतो. मला नमस्कार करतो, पण आपल्या घराच्या फाटकाच्या आत कधी येत नाही. काऊन येत नाही, हे मी त्याला कधी विचारले नाही. उत्तर मला माहीत होते.

सात वर्षांपूर्वी हेच मंडळ तू आणि त्याने मिळून सुरू केले होते. त्या दुपारी मी प्रयोगशाळेवरून जात होतो, दार आतून लावलेले. मी ठोठावले, तू उघडलेस, मागे दुर्गेश. तू म्हणालीस, "वानरं आत येतात बाबा, म्हणून लावलं." मी शिस्त समितीचा प्रमुख. वर्गात तर्कशास्त्र शिकवणारा मी, आणि वानराची सबब मला चार वर्षांच्या पोरीला शोभणारी वाटली. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप आणि मंडळ बरखास्त. तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरे झाले असते. महिनाभराने तू नागपूरला गेलीस, तिथून पुण्याला, आणि मी आईच्या शेजारी बसून ऐकू लागलो.

आता परवाचा मंगळवार ऐक. तुझा आराखडा मी मंजूर केला होता, नवव्या नियमासकट. तेव्हा प्रभारी या नात्याने प्रयोगशाळेचे दार सताड उघडे टाकून, बाहेर स्वतःचे नाव लावून, एकटाच यंत्रांची यादी करत बसलो होतो. मागे खुडखुड झाली. वळून पाहतो तर वानर. चांगले थोराड, काळ्या तोंडाचे. त्याने माझ्याकडे पाहिले, मी प्राध्यापक आहे याची काही दखल घेतली नाही, आणि टेबलावरचा माउस वायरीसकट उपटून शांतपणे बाहेर चालते झाले. तो माउस अजून बेहड्याच्या झाडावर लोंबतो आहे. शिपाई शालीकरामला विचारले तर तो म्हणाला, "हे तं नेहमीचंच आहे सर. म्हणूनच पोरं दार लावत होती." सात वर्षांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

न्यायदर्शनात विश्वासू माणसाचा शब्द हेही प्रमाण मानतात, हे मी दरवर्षी शिकवतो. प्रश्नपत्रिकेतही घालतो. घरी मात्र मला ते पटायला वानर यावे लागले. काल सौंदडला दुर्गेशच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला, त्याच्या. आज तुझी मागतो. तू खरे बोलत होतीस. नववा नियम मी खोडून त्या जागी लिहिले आहे, "वानरांमुळे दार आतून लावून घ्यावे," आणि खाली माझी सही केली आहे. किल्ली रुचिकाकडे दिली. फक्त आराखडा कोणी केला, ती रेघ अजून कोरी आहे. तिथे तुझे नाव घालू का? या रविवारी फोन मीच उचलेन, तेव्हा सांग.

फळ्यापर्यंत पोचायला सात वर्षे लावणारा, तुझाच,
बाबा