चंद्रीले ऐकवाची हाक

नागपूर, दवाखाना
मंगळवार

सरिताचे बाबा,
जयभीम. मी बरी हाय. काल दोन घास जास्त खाल्ले. डॉक्टर आता औषध बदलत नाई, नुसतीच पाठ थोपटते. लखनदादा उद्या अनसिंगले येऊन राह्यला, त्याच्यासंगं ही चिठ्ठी अन् माहा फोन देते. फोनवर सारं बोलता येत नाई, म्हणून लिवलं.

आपली चंद्री म्हैस माह्या आवाजाबिगर पान्हावत नाई. मी दवाखान्यात आल्यापासून धार अर्धीच निघत असन, मी गेल्यावर कशी काढसान? म्हणून रोज मारते तशी हाक फोनमधी भरून ठेवली, "ये वं माय चंद्री." पहिल्या दोन खेपा रडूच आलं, त्या पुसून टाकल्या. तुमच्यासाठी अन् सरितासाठीबी बोलून ठेवलं हाय. ते मी गेल्यावरच ऐका.

पोरीची वेणी कोण घालते? तुमचा खोकला कमी झाला का?

चंद्रीची हाक मात्र चिठ्ठी भेटल्याबरोबर लावा. धारेले बसा अन् फोन तिच्या कानापाशी धरा. तिनं पान्हा सोडला तर मले काहीच कळवू नका, मी इथंच पडून राहीन. पण तिनं लात मारून बादली सांडवली, तर दुसऱ्याच दिवशी या अन् मले घरी न्या. डॉक्टर नाई म्हणतीन. ऐकू नका त्याइचं.

तीन दिवसापासून मी एकच मागून राह्यली, का चंद्री फसू नये.

तुमची वाट पाहणारी,
वर्षाराणी