मडगार्डवरचा ओरखडा

रविवार, संध्याकाळ

निखिल अजून खाली पार्किंगमध्येच. आपल्या एटीव्हीला, त्या जाड चाकांच्या चारचाकी बाइकला, आंघोळ घालतोय.

वाघोलीच्या मागच्या माळावर आज आम्ही दोघंही तिच्यावरून पडलो. तिच्या मडगार्डला ओरखडा आला, माझं कोपर सोललं. नवऱ्याचा हात आधी कुठे फिरला? मडगार्डवर! "फार नाही लागलं," म्हणाला. तिला.

गीझरचं गरम पाणी बादल्या भरभरून खाली गेलं. मी चिखलानं माखलेले केस गार पाण्यानं धुतले. पाइपचा जोर तिच्या बेअरिंगला सोसत नाही म्हणे, म्हणून सगळं मऊ फडक्यानं, हळूहळू. इतक्या हळुवारपणे त्यानं मला कधी... जाऊ दे. एका गाडीवर जळतेय का मी? हो, जळतेय.

एवढं लिहिलं तोच तो वर आला. "अगं, कापूस आहे का घरात?" इतकं बरं वाटलं! बाही सारून कोपर पुढे केलं.

"ओरखड्यावर पॉलिश लावायचंय."

"संपलाय," म्हटलं. आणि घरातला होता नव्हता तो कापूस कोपराला बांधून त्याच्यासमोरच पुन्हा लिहायला बसले.

आत्ता कुठे नजर गेली त्याची माझ्या कोपराकडे.

"अगं, हा काय! आहे की कापूस."