कडेचं प्यादं

६ फेब्रुवारी, गुरुवार
राख सावडून आज सांगोल्याहून सोलापूरला परतलो. दादा मंगळवारी पहाटे गेला.
फोनवरचा आमचा बुद्धिबळाचा डाव तसाच आहे. खेळी त्याची. चौदा दिवसांची मुदत, दहा उरलेत. १६ ला संध्याकाळी संपेल. मग ॲप मला विजयी ठरवेल.

८ फेब्रु.
शेवटची खेळी मी रविवारी, २ ला केली. दादानेच शिकवलेला सापळा. घोड्याने मधलं प्यादं मारायचं, वजीर उघडा सोडायचा. समोरच्याच्या उंटाने वजीर घेतला की दोन खेळींत मात. पण आधी कडेचं प्यादं पुढे करून तो उंट मागे हटवायचा. नाहीतर त्याचा घोडा आपला घोडा खातो, सापळा आपल्यावरच उलटतो. दादाच्या वहीत हा दोनदा आहे: डाव्या पानावर पांढऱ्यांसाठी, उजव्यावर काळ्यांसाठी.
कडेचं प्यादं मी ढकललं नाही. मुद्दाम. दवाखान्यात पडलाय, एक घोडा मिळाला तर बरं वाटेल.
त्या रविवारी मला सुट्टी होती. सांगोला एसटीने दोन तास.

११ फेब्रु.
हार मानण्याचं बटण आहे. दाबलं तर तो जिंकतो. बोट नेलं, मागे घेतलं.

१३ फेब्रु., सांगोला
दहावा. वहिनींना विचारलं, दादाने फोन बघितला होता का. भांडी पुसत म्हणाल्या, बघितला की, लई वेळ. मग पालथा ठेवला.
काही म्हणाला का?
"म्हणले, आला न्हाय. घोडा पाठवला."
हसून म्हणाला की कसं, ते विचारलं नाही.

१६ फेब्रु., सांगोला
तेरावं. जेवणं उरकली. वहिनींनी दादाचा फोन हातात दिला.
"तुमीच खेळून टाका, भावजी. त्यांचं काय अडकून ऱ्हायला नको."
५.२०. मुदत ६.४० पर्यंत. वजीर घेतला तर मात, मी जिंकतो. घोडा घ्यावा तर अख्खा सोमवार हातात असून त्याने तो घेतला नाही.
त्याच्या फोनवर पट उलटा आहे, काळे खाली. या बाजूने बघितलं की मुद्दाम केलंय हे लगेच कळतं.
वहिनी आतून विचारतायत, झालं का.
६.१०. बॅटरी अकरा टक्के.