आबांच्या खोक्यावरचा माइक

३ ऑक्टोबर १९७७

झालं! मोठ्या बाईंसमोर बोलून बसले — बँडचा कार्यक्रम मी टेप करणार. मी शास्त्राची बाई, म्हणजे वायरींतलं मला सगळं कळतं असा त्यांचा समज. माझाही होता. विमलाबाईंनी त्यांच्या भावाचा कुवेतहून आलेला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटणं बघूनच मला घाम फुटला.

पण करायचंच. आबांसाठी. शाळेचा बँड त्यांनी उभा केला. श्रावणात झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, ‘ऐकू येतंय. समजतंय की नाही, सांगता येत नाही.’ माधवदादा इचलकरंजीहून येतो आणि आमच्या बापाच्या उशाशी बसून मोठ्यानं म्हणतो, ‘त्यांना आता काय कळतंय!’ अरे, ते तिथंच आहेत ना! जित्या माणसाच्या देखत असं बोलतात?

मला वाटतं त्यांना कळतं. पण नुसतं वाटून काय उपयोग? त्यांना त्यांचा बँड ऐकवून बघायचा. त्यावरही चेहरा हलला नाही तर — ते नंतर बघू.

७ ऑक्टोबर

मशीनला दोन माइक लावता येतात. एक खोक्यात आला होता, वांग्याएवढा. दुसरा बाळासो मंडपवाल्यांनी दिला. लोखंडी, हात दुखतो धरून. ‘ह्यात कुजबुजला तरी रंकाळ्यापर्यंत ऐकू जातंय बघा बाई!’

दोन्ही स्टेजच्या पुढं, भाषणाला ठेवतात तसे ठेवले. पोरींनी वाजवलं. टेप मागं घेऊन लावला तर — ढोल! नुसता ढोल! बासऱ्या गेल्या कुठं? पोरी हसून हसून बेजार. मीही हसले, पण घरी येताना रडू येत होतं.

११ ऑक्टोबर

माइक वरून टांगला — पंख्याची घरघर. पंखा बंद केला — पोरी घामाघूम, बासऱ्या ओठांवरून घसरायला लागल्या. खिडकीत ठेवला तर बाहेरून भंगारवाल्याची आरोळी! ती मात्र काय स्वच्छ आली!

शेवटी बाळासोंचा लोखंडी मागं, ताशांच्या बाजूला. लहानगा पुढं, बासऱ्यांच्या समोर. आता जमलं! सगळं वेगवेगळं ऐकू येतंय. मालन चौगुलेची बासरी तर काय गोड. आबांची लाडकी — म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या तिनंच खाल्ल्यात.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांची नजर आढ्याला. एकदा पापणी हलली. डास असेल.

खंडेनवमी

काय करू या बाईला! आईला!

दरवर्षी ती आजच्या दिवशी आबांचं क्लॅरोनेट पुजते, ते पुजलं. सुरी, कात्री, विळी, माझी पट्टीसुद्धा. मी आंघोळ करून येते तो पाटावर बाळासोंचा माइक! पाणी शिंपडलेलं, झेंडूची माळ, आणि डोक्यावर हळदकुंकू — चिमूटभर नव्हे, चांगलं थापून. जाळीच्या भोकाभोकांत ओलं कुंकू. लहानगा माझ्या पिशवीत होता म्हणून वाचला.

‘अगं, यंत्र आहे ते! पाणी काय घालतेस!’

‘आज हत्यारं पुजायची न्हवं? ह्यांचं काम पुढं न्यायचं हत्यार हाय ते. त्येला सोडून कसं चालंल?’

मी ओरडले. नको तेवढं ओरडले. ब्रशानं घासलं, उन्हात ठेवलं, मशीनला लावलं. गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतोय. मेलाच तो.

आई चुलीपुढं बसून राहिली. लाकूड आत सारत म्हणाली, ‘तुझं ते ह्यांच्यापातुर पोचावं म्हणून दोन बोटं जास्तच लावलं ग.’ आता कुणावर चिडायचं?

दसरा

सोनं द्यायला माणसं येतायत. आबांच्या डाव्या हातात पान ठेवलं. गळून पडलं. आज लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर

बाळासोंकडं माइक घेऊन गेले. मान खाली घालून. त्यांनी उलटासुलटा करून बघितला, वास घेतला आणि गडगडाट करून हसले. ‘असू द्या की! वैनींनी पुजलाय न्हवं? आता ह्यो देव्हाऱ्यातच बसंल.’ मी म्हटलं, दुसरा द्या. तर बाकीचे सगळे उचगावच्या सभेला गेलेत, आणि पुढंही दिवाळीपर्यंत एकही मोकळा नाही.

म्हणजे एकच माइक. वांग्याएवढा. ठेवायचा कुठं? पुढं ठेवला तर ढोल बासऱ्या गिळतो. बासऱ्यांपाशी ठेवला तर ताशे पत्र्याच्या डब्यासारखे. सगळं सारखं ऐकू येईल अशी जागा या हॉलमध्ये आहे तरी का?

२५ ऑक्टोबर

आहे! मी काय बावळट! आबा जिथं उभे राहायचे तिथं!

त्यांनी पोरींना उभं केलंय ते स्वतःच्या कानाभोवती. बासऱ्या जवळ, अर्धगोल, ताशे बाजूला, ढोल पार मागं, खांबाआड. त्यांचं साबणाचं खोकं अजून स्टेजच्या कोपऱ्यात पडलंय. उंची कमी, म्हणून खोक्यावर उभे राहायचे आणि वरून डाफरायचे.

उंची बरोबर हवी. आबांच्या पलंगाला मोजपट्टी लावायला गेले तर आईनं हातावर फटका मारला. ‘निजलेल्या माणसाचं माप घेत्यात व्हय? तोंड बघ हिचं!’ खरंच की. तिरडीसाठी घेतात तसं माप, माझ्या ध्यानातच आलं नाही. मग त्यांचा काळा कोट काढला, आईनं तो बरोबर त्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर दाराला धरला. ‘हितं. न्हाई, जरा खाली. पोक काढत्यात की ते.’ कॉलरच्या वर चार बोटं, म्हणजे कान. आई कोट धरून उभीच राहिली.

२६ ऑक्टोबर

खोकं जागेवर, खोक्यावर स्टँड, त्याच्यावर लहानगा. वाजवलं. टेप लावला आणि अंगावर काटा आला. सगळं होतं! मला वाटलं, पोरीसोरींनी हॉलभर नाचावं. मीही नाचले असते, केरबा शिपाई दारात नसता तर.

२९ ऑक्टोबर

कार्यक्रम झाला. हुश्श!

मोठ्या बाईंचं एकच — ‘प्रमोदिनीबाई, तो दांडा पाहुण्यांच्या नजरेच्या मधे येतोय, हलवा.’ मी म्हटलं, हलणार नाही. इतक्या जोरात म्हटलं की मलाच नवल वाटलं. तर पाहुणेच उठले, सरळ माझ्या माइकपुढं आले, ‘हॅलो, हॅलो’ केलं आणि भाषण सुरू! दिसला माइक की बोललेच! धावत जाऊन त्यांना भाषणाच्या, शाळेच्या भोंग्याला जोडलेल्या माइककडं नेलं.

पोरी त्या खोक्याकडं बघून वाजवत होत्या. तिथं आबा नव्हते तरी. पहिली धून — काय सांगू, लाजवाब. दुसऱ्या धुनेच्या वळणावर मालन घसरली. एक ठोका आधीच आत घुसली, गडबडली, कशीबशी सावरली. हॉलमध्ये कुणाला कळलंही नाही, ढोलाखाली गेलं सगळं. टाळ्या कडकडून पडल्या.

पण पोरगी मागच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडत होती. ‘सरांना ऐकवणार न्हवं तुम्ही? मीच घाण केली!’

३१ ऑक्टोबर

माधवदादा आलाय. त्याच्यादेखत माजघराचं दार लावून, हळू आवाजात टेप लावून बघितला. हॉलमध्ये जे कुणाला कळलं नाही ते टेपवर लख्ख! आबांच्या कानाच्या जागी माइक ठेवला की दुसरं काय होणार? मालनची चूक अशी येते जशी खिरीत खडा.

दादा म्हणाला, ‘लाव की. त्यांना कुठं कळणार आहे!’

मी ठरवलंय, आबांना फक्त पहिली धून ऐकवायची. ती संपली की बटण दाबायचं. माणूस पडून आहे, त्याला पोरींची चूक कशाला?

मालन आज शाळेत आली नाही. जेवतही नाही म्हणे.

भीती वाटते. उद्या आबांचा चेहरा हलला नाही तर? मग दादाचंच खरं म्हणायचं?

१ नोव्हेंबर

सकाळी लावला. पहिली धून — आबा आढ्याकडं. काही नाही. काहीच नाही. मला तिथं बसवेना, चहाचं आधण बघायला आत आले आणि बटण दाबायचं विसरले. दुसरी धून सुरू झाली. मी पळत येतेय तोवर वळण आलं, मालन घसरली — आणि पलंगाच्या फळीवर धाडकन हात! डावा हात! आबांच्या कपाळाला ही आठी, डोळे लाल, आणि तोंडातून वेडंवाकडं, पण शाळेतल्यासारखंच डाफरून — ‘पै...ल्या...पासनं!’

दादाच्या हातातली बशी खाली पडली. आई रडतेय, हसतेय. मी टेप पहिल्यापासून लावलाय आणि पायात चपला घातल्यात. आधी मालनकडं जाते.