एक फुल, एक हाफ

१७ जानेवारी, शुक्रवार

हसून हसून पोट दुखतंय! आज कॉलेजात पारंपरिक वेशाचा दिवस. आमच्या वर्गातला वाईचा अनीश — चष्मेवाला, एरवी तोंडातून शब्द नाही — धनगर बनून आला. घोंगडी गुंडाळलेली टॉवेलसारखी! अंघोळ करून निघालाय असा दिसत होता. मला राहवेना. सरळ गेले आणि म्हटलं, "सोड ती. आण इकडं." खांद्यावर नीट टाकून दिली.

"तुला कसं येतं?"

"आमचे आबा रोज घेतात. स्टेजवर नाही, माळावर."

लाजला बिचारा. मग हळूच विचारतो — "काठी कुठल्या हातात धरतात?"

रूमवर आल्यावर सोनिया म्हणाली, कान लाल झालेत तुझे. उन्हानं, म्हटलं. रूममेट असावी, पण अशी नसावी!

२३ जानेवारी, गुरुवार

अनीश रोज मेसेज करतो — जेवलीस का? मी — हो. तो — काय? मी — भाजी-चपाती. ह्याच्या पुढं गाडीच जात नाही! सोनिया विचारते, हे प्रेम आहे का मेसची पाहणी?

१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी विचारलंच त्यानं! बाहेर जाऊया का? सांगलीत नको, म्हटलं. सांगलीत कुठंही बसा, आमच्या जतचं कुणीतरी दवाखान्याला नाहीतर बाजाराला आलेलं असतंच. साताऱ्याला जायचं ठरलं. तिथं मला कोण ओळखतंय!

भीती वाटते पण. दहावीत असताना ताई एका मुलाशी बोलत उभी होती, कुणीतरी घरी येऊन सांगितलं. शाळा बंद आणि त्याच उन्हाळ्यात लग्न. बोलत काय होती? गणितं.

२ फेब्रुवारी, रविवार

मेले!!

सांगली स्टँडवर साताऱ्याची एसटी लागली, अनीशनं खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. गाडी सुटली. कंडक्टर आले तसा हा ऐटीत म्हणाला, "काका, सातारा. एक फुल, एक हाफ." हाफ म्हणजे मी, बायकांना एसटीत अर्धं तिकीट. मी वर बघितलं — आप्पासोकाका! आबांचे सख्खे धाकटे भाऊ! ते नेहमी जत-सांगली करतात, ह्या आठवड्यात ड्युटी बदललेली. आणि गाडी जतवरूनच आलेली. मी पाटीच वाचली नव्हती.

काकांनी मशीन दाबलं. तिकिटं दिली. "सुट्टं द्या," एवढंच बोलले.

अनीशला काय ठाऊक! "तुला गाडी लागते का?" विचारतोय. म्हटलं, "गप बस. माझे चुलते आहेत." मग असा ताठ बसला की कराड येईपर्यंत पाठ सीटला टेकली नाही त्याची.

साताऱ्यात उतरताना काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "परतीची गाडी बी माझीच हाय. चुकवू नगंस."

अजिंक्यतारा चढायचा होता. स्टँडवर बसून खालूनच बघितला. वडापाव तसाच कागदात राहिला. अनीशनं काय करावं? कंदी पेढे आणले आणि परत येताना काकांच्या पुढं धरले! काका म्हणाले, "ड्युटीवर गोड खात न्हाई." पण पुडा पिशवीत टाकला.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरून फोन नाही. अनीश — जेवलीस का? मी — नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईचा फोन! "सपे, वस्तीतल्या समद्यांनी तोंड गोड केलं बघ. आप्पासो भावजींनी पेढं आणलं, म्हनलं सपीकडनं हायती. पैला नंबर आला व्हय गं?"

परीक्षाच झालेली नाही अजून! माझ्या तोंडातून नुसतं "हं" निघालं. आई रडायलाच लागली आनंदानं. आबा म्हणे शनिवारी सांगलीला येणार, शाबासकी द्यायला.

काकांना फोन लावला. "काका, काय केलंत हे?"

"मी कुठं काय केलं? पेढं कशाचं त्ये मला काय ठावं? तूच सांग दादाला."

वर हसले! फोन ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आबा आले. हॉस्टेलच्या गेटवर उभे, नवा पटका, चपला पुसलेल्या. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. वॉचमनला सांगत होते, "पोरीचा पैला नंबर आलाय." मला बघितल्यावर म्हणाले, "आपल्यात पैला नंबर कवा मेंढराचा सुदीक आला न्हवता गं."

बघवेना मला. झाडाखाली कट्ट्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. नंबर नाही, परीक्षा नाही, पेढे कुणी घेतले, साताऱ्याला का गेले. रडत रडत.

आबांनी विचारलं, "कुठला त्यो?"

"वाईचा."

"घर?"

"गणपती घाटाच्या मागं. आई शाळेत शिकवते त्याची."

मी म्हटलं, "आबा, ताईसारखं करू नका. पाया पडते."

ते उठले. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि स्टँडच्या वाटेला लागले. वळून बघितलंसुद्धा नाही.

सोनियानं बॅग भरायला मदत केली. कधी न्यायला येतील कुणास ठाऊक. तीही रडत होती. चटणी कुणी उघडलीच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अनीश धापा टाकत गेटवर आला. आत्ताच त्याच्या आईचा फोन — दारात एक पटकेवाले पाहुणे आलेत, म्हणतात घर बघाय आलोय! तिनं गडबडून चहा टाकला आणि विचारलं, लग्नाची बोलणी करायला आलात का?

आबा म्हणाले, "छ्या! लेकीचं शिक्षान पुरं व्हायचं हाय आजून. निस्ती मानसं कशी हायती, बघून ठेवतो."