कापलेले अकरा फूट

सोमवार, २ मार्च १९९८
पोचले एकदाची टॅरंडीला. बस धुळीनं माखलेली, मी तिच्याहून जास्त. पण गावचा सिनेमा हॉल पाहिला नि शीण पळाला. पत्र्याचं छप्पर, कॅनव्हासच्या खुर्च्या, वर केबिनमध्ये दोन जुने प्रोजेक्टर, लेकरासारखे पुसून ठेवलेले. शनिवारी दुपारी नट डेस्मंड क्विल्टीच्या उमेदीतले दोन चित्रपट मला लागोपाठ चालवायचेत. ब्याऐंशीचा झालाय, सत्काराला स्वतः येणार. दुसरा चित्रपट इथल्याच नदीवर काढलेला. त्यात पुरात घोडा घातला आणि क्विल्टी रातोरात मोठा झाला. हॉल सांभाळणाऱ्या इल्मानं चहा नि जॅम लावलेले स्कोन दिले. म्हणाली, या वयात शिडी चढतेस, पडलीस तर पडद्यावर तुलाच दाखवू. जीवच जडला बाईवर.

मंगळवार, ३ मार्च
दुसऱ्या चित्रपटाच्या चौथ्या रिळात जोड सापडला. घोडा पाण्यात उतरतो आणि लगेच क्विल्टी काठावर निथळत उभा. मधलं गायब. कपाटाच्या मागच्या बाजूला एक डबा होता, त्यात अकरा फूट फीत. अर्धवट प्रत माझ्या हाताला सोसत नाही, चाळीस वर्षं प्रोजेक्टर चालवल्याची खोड. कडा खरवडून नीट चिकटवली नि चालवून पाहिली. स्वार घसरतो, हात वर येतो, बुडतो. सात सेकंद. पाठमोराच आहे.

बुधवार, ४ मार्च
इल्माला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. तो स्वार तिचा भाऊ मर्व्ह, क्विल्टीचा डमी. खराच बुडाला तेव्हा, आणि चित्रपटवाल्यांनी तेच चित्रपटात ठेवलं. नामावलीत नावही नाही. इथल्या जुन्या ऑपरेटरनं तो तुकडा काढून टाकला होता, इल्माला हॉलमध्ये बसता यावं म्हणून.
"काढ ते, लॉर्ना. मी काठावरून पाहिलंय एकदा. पुरे झालं."
शब्द दिला. कापून मोजला तुकडा. अकराऐवजी सोळा फूट भरला.

गुरुवार, ५ मार्च
क्विल्टी आला. खांद्यावर हात ठेवून गोड बोलणारा. तालमीला बसला आणि कापलेलं त्याला लगेच कळलं.
"तो पूर मी पार केलाय, बाई. लोक त्याच्यासाठीच येतात. जोड पुन्हा."
इल्मा ट्रे घेऊन मागेच उभी होती. सत्कार समितीच्या लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण जोडलं नाही.
तो गेल्यावर रीळ फिरवून पाहिलं. मर्व्ह बुडालाच.
तुकडा माझ्या एप्रनच्या खिशात होता.

शुक्रवार, ६ मार्च
रीळ जड झालंय. बोटं ओली होतात. आज तो बुडून वर आला. पाठमोराच, पण पोहतोय इकडे. क्विल्टीला सांगितलं तर हसला, वय झालं तुमचं म्हणाला. मग त्यानंच हळूच विचारलं, चेहरा दिसतो का.
इल्माला म्हटलं, उद्या येऊ नकोस. ती म्हणाली, तू काढलंयस ना, मग येणार, पहिल्या रांगेत. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

शनिवार, ७ मार्च, दुपारी
पहिला चित्रपट झाला. मध्यंतरात क्विल्टीनं भाषण केलं. म्हणाला, पुरात मीच उतरलो. टाळ्या.
चौथं रीळ मी चढवलंच नाही. तिसऱ्यावरून पाचवं—
तरी पडद्यावर पाणी.
प्रोजेक्टरचा दिवा बंद केला. चित्र चालूच.
क्विल्टी पडद्यापाशी गेलाय. ओरडतोय, दोर माझ्या हातात होता रे, मर्व्ह, ओढला नाही मी, चित्रण थांबवू नको म्हणाले मला—
लोक टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटतंय, सत्काराचाच भाग.
केबिनचं दार उघडत नाही. खिडकीतून ओरडून घसा बसला. इल्मा, डोळे मीट गं—
तो तोंड वळवतोय.
ती उठली. खुर्च्यांखाली पाणी— बूट काढतेय, हात पुढे, भावाला—
इल्मा, काठावरच थांब, तू—